चार सूत आणि तेरा

गेल्या महिन्यातली गोष्ट. होटगी रोडच्या खड्ड्यांवर माझ्या फियाट पुंटोच्या पुढच्या डाव्या चाकातून टकटक आवाज यायला लागला. मिस्त्रींनी लिंक रॉड गेलाय म्हणून सांगितलं आणि तो तुम्हीच आणा म्हणाले. कॉलेज सुटल्यावर मी दुकानातून तो घेतला, घरी येऊन खोका टीपॉयवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर अप्पा खोका खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बसलेले. अप्पांचं वय चौऱ्याऐंशी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढू देत नाहीत. आतला रॉड त्यांनी मांडीवर ठेवला होता. त्याला नाक लावून झालं असणार, हे मला न बघताही कळलं. नव्या पार्टचा वास घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी तो बसवला नाही. पण आता त्यांचं रॉडकडे लक्ष नव्हतं. खोक्यावरची अक्षरं ते बोटाने चाचपत होते.

"मोपार," ते म्हणाले. "पार्ट फियाटचा म्हणालीस ना तू? मोपार तर क्रायस्लरचं. हे दोघं परत एक झाले व्हय?"

"झाले की अप्पा, बरीच वर्षं झाली. आता तर त्यात फ्रान्सची कंपनीपण आलीय."

"बरं." त्यांनी खोका बंद केला. "मग आता मालक कोण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. सव्वीस वर्षं मी बी. कॉम.च्या मुलांना हिशेबशास्त्र शिकवते. त्यात एक अख्खं प्रकरण कंपन्यांच्या एकत्रीकरणाचं आहे. दर वर्षी फळ्यावर मी किमान वीस कंपन्या एकमेकींत विलीन करते. आणि अप्पांच्या त्या चार शब्दांना देण्यासारखं एक सरळ वाक्य माझ्याजवळ नव्हतं.

तेवढ्यात चहा उतू गेला, म्हणून मी सुटले.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचा प्रश्न पुन्हा आला, आणि त्याच्या आधीचा तो 'परत' हा शब्दही. हे दोघं परत एक झाले. म्हणजे अप्पांच्या हिशेबी ते आधी कधीतरी एक होतेच. आणि ते खरंच होतं, फक्त ते कुठे एक होते हे जगात फार थोड्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांतला एक माणूस माझ्या घरात खिडकीपाशी बसतो.

१९६२ साली, एकविसाव्या वर्षी, अप्पा सोलापूरहून मुंबईला गेले आणि कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये लागले. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते. मुलानेही मिलमध्येच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. अप्पांना मात्र मागापेक्षा इंजिनाचा आवाज आवडायचा. शिवाय एक अभिमानाची गोष्ट होती, ती ते आजही कुणालाही थांबवून सांगतात. कंपनी काढणारे शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. जन्म इथलाच, १८८२ चा. आमच्या गावातल्या पोरांना वालचंद म्हटलं की कॉलेज आठवतं, अ‍ॅडमिशनची रांग आठवते. अप्पांना आठवतो तो कारखाना. विशाखापट्टणमला जहाजं, बंगळुरूला विमानं आणि कुर्ल्याला मोटारी, अशा तिन्ही गोष्टी परक्यांच्या राज्यात राहून करायला निघालेला माणूस. १९४४ साली प्रीमियरची स्थापना झाली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, आणि डॉज, प्लायमाउथ, डिसोटो ही नावं मुंबईच्या रस्त्यावर आली. फार्गोचे ट्रक आले. मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. आधी छोटी ५००, मग ११००, जिला आपण सगळे डुक्कर फियाट म्हणायचो, आणि पुढे तीच वळणं घेत घेत पद्मिनी झाली.

अप्पा सुरुवातीला स्टोअरला होते. त्या स्टोअरचं वर्णन मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा वाससुद्धा पाठ आहे. एका अंगाला डॉज आणि फार्गोचे पार्ट. पत्र्याचे डबे, तेलकट कागदात गुंडाळलेली बेअरिंगं, डब्यांवर मोपारची अक्षरं. दुसऱ्या अंगाला इटलीहून आलेल्या लाकडी पेट्या. त्या उघडल्या की भुश्यातून गॅस्केटं निघायची आणि भुश्याला पाइनचा, आपल्याकडे नसलेल्या कुठल्या तरी झाडाचा वास यायचा. आणि भिंती दोन. अमेरिकन मालाला इंची पाने लागतात, इटालियन मालाला एमएमचे. म्हणून इंची पाने एका भिंतीला टांगलेले, एमएमचे समोरच्या. फोरमन नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा, भिंत चुकवू नकोस. अप्पांच्या डोक्यात फियाट आणि क्रायस्लर एकाच छपराखाली नांदले ते असे. एक छप्पर, एक भोंगा, एकच कॅन्टीन, आणि समोरासमोर दोन भिंती.

१९७१ ला आजोबांना पक्षाघात झाला आणि अप्पा परत आले. जोडभावी पेठेत त्यांनी गॅरेज टाकलं. कानडीत बावी म्हणजे विहीर. गल्लीच्या त्या नावाचं मला लहानपणी फार कौतुक वाटायचं, की दोन विहिरी जवळ जवळ असूनही आपापलं पाणी राखून कशा असतील. मिलचा भोंगा झाला की आजोबा अंथरुणावरून मान वळवायचे आणि लगेच अप्पा शटर वर करायचे. पूर्व भागातल्या मागांची खटखट दिवसभर चालू असायची आणि तिच्यावर ताल धरल्यासारखा अप्पांचा हातोडा.

आता माझ्या प्रकरणाकडे येते. हिशेबशास्त्रात विलीनीकरण फार शांतपणे होतं. अ कंपनी आणि ब कंपनी यांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडायचे. मालमत्तेत मालमत्ता, देण्यांत देणी. जेवढी किंमत मोजली आणि जेवढं हाती आलं त्यांतला फरक म्हणजे ख्याती. मुलांना 'ख्याती' हा शब्द आवडतो. पास होण्यापुरतं सगळं जमतं. भारतातलं लेखामानक १४ असं सांगतं की एकत्रीकरण दोन जातींचं असतं, एक विलीनीकरणाच्या स्वरूपाचं आणि दुसरं खरेदीच्या स्वरूपाचं. पहिल्यात बसायचं तर पाच अटी आहेत. संपणाऱ्या कंपनीचे मूल्याने किमान ९० टक्के समभागधारक नव्या कंपनीत समभागधारक म्हणून आले पाहिजेत ही त्यांतली एक. इतकी वर्षं मी या अटी पाठांतराच्या म्हणून घालत आले. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ही अप्पांचीच शंका आहे, नुसती कायद्याच्या भाषेत. तुम्ही दोघं खरंच एक झालात की एकाने दुसऱ्याला विकत घेतलं, ते आधी सांगा.

ज्यांनी हे आधी सांगितलं नाही त्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट क्रायस्लरचीच आहे. १९९८ च्या मे महिन्यात जर्मनीची डाइम्लर-बेन्झ आणि अमेरिकेची क्रायस्लर यांनी जाहीर केलं की हे समसमानांचं विलीनीकरण आहे. सुमारे ३६ अब्ज डॉलरचा व्यवहार होता. नाव जोडलं, डाइम्लरक्रायस्लर. अध्यक्ष दोन, युर्गन श्रेम्प आणि बॉब ईटन. मुख्यालयं दोन, श्टुटगार्ट आणि ऑबर्न हिल्स. तेव्हा क्रायस्लर चांगल्या नफ्यात होती, तिच्या गाड्या स्वस्तात आणि झटपट तयार व्हायच्या. मर्सिडीजकडे तिचं अवघड, महाग, नेटकं काम होतं. कागदावर दोघांची बेरीज सुरेख दिसत होती. पण मर्सिडीजच्या माणसांना आपले सुटे भाग क्रायस्लरच्या गाड्यांना द्यायला जीवावर यायचं, आपल्या नावाची किंमत उतरेल म्हणून. अमेरिकन साहेबांचे पगार जर्मन साहेबांपेक्षा कितीतरी मोठे होते आणि निर्णय मात्र हळूहळू जर्मनीत व्हायला लागले. दोन वर्षांत ईटन बाहेर पडले. २००० साली श्रेम्प यांनी फायनान्शियल टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत सांगून टाकलं की क्रायस्लरला एक विभाग म्हणूनच ठेवायचं असं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. समसमान हा शब्द वापरला नसता तर समोरच्यांनी होकार दिला नसता, असा त्याचा अर्थ. २००७ मध्ये डाइम्लरने क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा एका गुंतवणूक कंपनीच्या हवाली केला, ७.४ अब्ज डॉलरच्या व्यवहारात. आणखी दोन वर्षांनी, २००९ च्या एप्रिलअखेर, क्रायस्लर दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी होती. प्लायमाउथ हे नाव मधल्या काळातच, २००१ मध्ये, बंद पडलं होतं. अप्पांच्या स्टोअरमधल्या एका रांगेचं नाव.

मी फळ्यावर ख्याती मांडते तेव्हा ती एका ओळीत येते. ३६ मधून ७.४ वजा केल्यावर उरतं त्यात किती जणांची घरं होती, हे त्या ओळीत येत नाही. मी वर्गात हे कधी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

आणि याच वळणावर मला एकोणनव्वद साल आठवलं. त्या दिवसांबद्दल आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही.

मी तेव्हा बारावीला होते. मारुती गाड्या गावात भराभर वाढत होत्या आणि अप्पांच्या गॅरेजला ते जाणवायला लागलं होतं. मारुतीवाले चाकांचं अलाइनमेंट मशीनवर करून मागायचे. मशीनची किंमत अप्पांच्या आवाक्याबाहेर होती. पलीकडच्या गल्लीत जीपवाले काका होते. त्यांचं काम जीप आणि अँबॅसिडरचं, विजापूर, इंडी, अक्कलकोटहून गिऱ्हाईक यायचं. त्यांनाही मशीन परवडत नव्हतं. दोघांनी ठरवलं, गॅरेज एक करू, मशीन मिळून घेऊ. आमच्या घरी बैठक झाली. आईने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही दिलं होतं. काका मांडी घालून बसले होते, अप्पा भिंतीला टेकून. दोघंही आनंदात होते. मी इतकं मोकळं हसताना अप्पांना क्वचित पाहिलंय. कुणाचं नाव आधी लिहायचं यावर दोघांनीही 'तुमचंच लिहा' म्हणून हट्ट धरला, शेवटी पाटीवर कुणाचंच आडनाव नको, देवाचं नाव घालू असं ठरलं. गल्ल्याला दोन कुलपं लावली आणि दोघांकडे एकेक किल्ली. बरोबरीची भागीदारी म्हणून.

मोठमोठ्या कंपन्या एकत्र का येतात हे मला नंतर पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नवी गाडी घडवायची, तिच्यासाठी नवा सांगाडा, नवं इंजिन, आता तर बॅटरी आणि सॉफ्टवेअर, यांचा खर्च एकट्याला झेपत नाही. तो दुप्पट गाड्यांवर वाटला तर झेपतो. अलाइनमेंटच्या मशीनचा हप्ता, दुसरं काय.

भांडण पैशावरून झालं नाही. ते पान्यांवरून झालं. अप्पांचे पाने एमएमचे, काकांचे इंची. गॅरेज एक झालं तशी पान्यांची पेटीही एक झाली, कारण पोरं तीच दोघांचंही काम करायची. आता अर्ध्या इंचाच्या नटाला आमच्यात चार सुताचा नट म्हणतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याच्यावर १३चा पाना बसतो. बसतो म्हणजे चढतो, थोडासा हलतो, आणि नट सैल असेल तर फिरवतोसुद्धा. पण नट गंजून घट्ट बसलेला असला आणि जोर लावला की पाना निसटतो आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. मग त्याला कुठलाच पाना लागत नाही. छन्नीने तोडावा लागतो. १४चा नटावर नुसताच गोल फिरतो, १२चा चढतच नाही, त्यामुळे त्या दोघांपासून धोका नसतो. धोका तेराचा. आमच्याकडे एक तेलुगू पोरगा होता, कामाला वाघ. नट हाती आला की 'चार सूत की तेरा' असं मराठी, कानडी, तेलुगू मिसळून ओरडून विचारायचा. एका दुपारी त्याने विचारलं नाही. इंडीच्या एका गिऱ्हाइकाची जीप होती, दुसऱ्या दिवशी घरात लग्न. मॅनिफोल्डचे दोन नट गोल झाले, तिसरा स्टडसकट तुटला. काका रात्री दोनपर्यंत छन्नी घेऊन त्या जीपखाली होते आणि अप्पा त्यांच्या शेजारी बॅटरी धरून बसले होते. दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी जीप गेली. पोराला कुणीच रागावलं नाही. पण त्या दिवसापासून काकांनी आपले पाने पिशवीत घालून रोज घरी न्यायला सुरुवात केली. अप्पांनी आपल्या पान्यांना लाल रंग मारला. अकरा महिन्यांनी गॅरेजं वेगळी झाली. मशीनचे हप्ते पुढे दोन वर्षं दोघांनी निम्मे निम्मे भरले, दर महिन्याच्या पाच तारखेला, समोरासमोर न येता.

चूक कुणाचीच नव्हती. हेच मला अजून सहन होत नाही.

अप्पांनी पुढे मला एकदाच त्यावर सांगितलं, तेही मी विचारल्यावर. म्हणाले, कुर्ल्याला दोन भिंती होत्या, आम्ही पेटी एक केली. आणि मग, काही दिवस एकानेच हो म्हटलं असतं, की बाबा मालक तू, तरी चाललं असतं. दोन कुलपांमुळे गल्ला उघडायलाच दोघं लागायचे, एकाचा बोलायचा मूड नसला की पोरांचा पगार राहायचा.

मी नंतर बरेच दिवस रात्री उशिरापर्यंत या मोटारवाल्यांचं वाचत बसले. अप्पांना उत्तर द्यायचं होतं हे खरं, पण मलाच ते सोडवत नव्हतं. १९९३ मध्ये स्वीडनची व्होल्वो आणि फ्रान्सची रेनो यांचं विलीनीकरण ठरलं होतं. रेनो तेव्हा सरकारी मालकीची. फ्रान्स सरकार आपल्या हाती एक खास अधिकाराचा शेअर ठेवणार म्हटल्यावर स्वीडनमधले भागधारक बिथरले आणि डिसेंबरात सगळं मोडलं. १९९९ मध्ये रेनो निस्सानकडे गेली, तेव्हा शहाणपणाने विलीनीकरण म्हटलंच नाही, आघाडी म्हटलं. रेनोचे कार्लोस घोस्न यांनी बुडायला आलेली निस्सान वर काढली, हे खरंच मोठं काम होतं. पण रेनोकडे निस्सानचा ४३ टक्क्यांहून जास्त हिस्सा आणि निस्सानकडे रेनोचा १५ टक्के, तोही मताधिकाराशिवाय. पुढे निस्सान रेनोपेक्षा जास्त गाड्या विकायला लागली तरी तिला मत नाही. ही ठसठस वीस वर्षं आत राहिली. २०१८ मध्ये घोस्न यांना टोकियोत अटक झाली, पुढच्या वर्षाच्या शेवटी ते वाद्याच्या पेटीत लपून लेबनॉनला पळाले, आणि जगाने ती एखाद्या चोरकथेसारखी वाचली. मला त्यात दिसलं ते इतकंच की मत नसलेल्या १५ टक्क्यांचा नट कधीच नीट बसलेला नव्हता. २०२३ मध्ये दोघांनी मिळून १५-१५ टक्के, दोघांनाही मत, असं केलं. चोवीस वर्षं लागली.

आणि अगदी परवाची होंडा-निस्सान. २३ डिसेंबर २०२४ ला दोघांनी एकत्र येण्याची बोलणी जाहीर केली, एक सामायिक कंपनी काढून दोघी तिच्याखाली. १३ फेब्रुवारी २०२५ ला बोलणी संपली. दोन महिनेही नाही. मधल्या काळात होंडाने म्हटलं, त्यापेक्षा निस्सान आमची उपकंपनीच होऊ दे. निस्सानला ते पटलं नाही. बाजारात होंडाची किंमत निस्सानच्या कितीतरी पट होती, तेव्हा होंडाचं म्हणणं हिशेबाने चुकीचं नव्हतं. तरीही निस्सानच्या जागी मी असते तर मलाही ते कागद पुढे सारता आले नसते. काही महिन्यांनी निस्सानने २०,००० नोकऱ्या कमी करण्याचं आणि कारखाने १७ वरून १० वर आणायचं जाहीर केलं. अभिमान राखला तो वरच्या मजल्यावर, आणि त्याची किंमत खालच्या मजल्यावर मोजली गेली का? की होंडात जाऊनही हेच झालं असतं? मला याचं उत्तर ठरवता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी रडू शकते.

ज्यांनी सरळ विकत घेतलं आणि तसं सांगितलं, त्यांचं पुष्कळदा बरं चाललेलं दिसतं. ह्युंदाईने १९९८ मध्ये बुडालेली किया घेतली, आतले भाग सामायिक ठेवले, चेहरे वेगळे ठेवले. टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, लगेच मंदी आली, लोक हसले, पण त्या गाड्या त्यांच्याच गावी त्यांच्याच माणसांकडून घडू दिल्या. तरी हा काही नियम म्हणता येत नाही. बीएमडब्ल्यूने रोव्हर १९९४ मध्ये रीतसर विकतच घेतली होती आणि २००० मध्ये अवघ्या दहा पौंडांना देऊन टाकली. मला मात्र यांत सगळ्यांत आवडतं ते माझ्याच पुंटोचं डिझेल इंजिन. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट. शेजाऱ्यांच्या जुन्या स्विफ्टमध्ये तेच इंजिन, मावसभावाच्या टाटा व्हिस्टामध्ये तेच. तीन कंपन्या, एक इंजिन, आणि त्यासाठी कुणी कुणात विरघळलं नाही. मशीन मिळून घेतलं, गॅरेज वेगळं ठेवलं. अप्पा आणि काकांना हे कुणी सुचवलं असतं तर!

मग फियाट आणि क्रायस्लर. २००९ मध्ये फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी रोख न देता, आपलं तंत्र देऊन क्रायस्लरचा २० टक्के हिस्सा घेतला आणि २०१४ पर्यंत ती पूर्ण घेतली. इथेच तो मोपारचा शिक्का फियाटच्या खोक्यावर आला. २०१९ मध्ये त्यांनी रेनोला विचारलं, ते दहा-बारा दिवसांत फिसकटलं. मग प्यूजो-सित्रोएनच्या पीएसएशी जमलं आणि १६ जानेवारी २०२१ ला स्टेलांटिस तयार झाली. चौदा नावं एका घरात. ती यादी वाचता वाचता मी अंथरुणात उठून बसले. कारण नव्वदच्या दशकात प्रीमियरने तिसरी सोयरीक केली होती ती प्यूजोशी. कल्याणजवळ ३०९ नावाची गाडी निघायची, पण थोड्याच वर्षांत ते आटोपलं. म्हणजे क्रायस्लर, फियाट, प्यूजो. सोलापूरच्या एका माणसाने उभ्या केलेल्या कारखान्याने पन्नास वर्षांत ज्या तीन परदेशी घरांशी हात मिळवला, ती तिन्ही घरं आज एक आहेत. आणि तो कारखाना मात्र मोटारी करत नाही. पद्मिनी थांबून पाव शतक होत आलं, मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. रात्रीचा एक वाजला होता. मला अप्पांना उठवावंसं वाटलं, पण उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मालक कोण, याचं उत्तर असं आहे अप्पा. कायद्याने फियाट-क्रायस्लरची कंपनी टिकली, तिचंच नाव बदलून स्टेलांटिस केलं. हिशेबाच्या वहीत मात्र पीएसएने तिला घेतलं असं धरलंय, कारण आंतरराष्ट्रीय मानकात घेणारा कोण ते लिहावंच लागतं, तिथे 'दोघं' चालत नाही. शेअर निम्मे निम्मे. अध्यक्ष फियाटवाल्या तुरिनच्या आन्येल्ली घराण्याचे जॉन एल्कान, सगळ्यांत मोठा हिस्सा त्यांच्या घराण्याचा. कारभारी पीएसएचे कार्लोस ताव्हारेस. सुरुवातीला संचालक अकरा, पाच यांचे, पाच त्यांचे, आणि अकरावे स्वतः ताव्हारेस.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. "म्हणजे दोन कुलपं," ते म्हणाले, "आणि तिसरी किल्ली कारभाऱ्याकडे."

"ते कारभारी पण गेले सोडून. २०२४ च्या डिसेंबरात."

"आणि पाने कुणाचे?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग मी सांगितलं की जीपची अ‍ॅव्हेंजर आणि फियाटची ६०० या दोन्ही नव्या गाड्या पीएसएच्या सांगाड्यावर उभ्या आहेत.

"मग फ्रेंच मालक," अप्पा म्हणाले. इतकं सरळ. सव्वीस वर्षांत मी हे मुलांना असं शिकवलं नाही. मी पुढे बोलत राहिले, की एकत्र येताना कारखाना एकही बंद करणार नाही म्हणाले होते, वर्षाला पाच अब्ज युरो वाचतील म्हणाले होते, आणि तीन-चार वर्षांतच इंग्लंडात ल्यूटनचा व्हॅनचा कारखाना बंद केला. अप्पांनी विचारलं, तिथे किती माणसं होती. मी म्हटलं हजारच्या वर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. लक्ष्मी आणि विष्णू याही आधी दोन वेगळ्या मिली. नाव जोडलं, भोंगा एक झाला, आणि नव्वदीत भोंगा बंद झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी घरी बसलं. अप्पा त्याबद्दल विचार करत होते की काकांबद्दल, मला सांगता येणार नाही. काका २००४ मध्ये गेले. त्यांच्या तिरडीला अप्पांनी खांदा दिला होता आणि घरी येऊन आंघोळीआधी पान्यांची पेटी उघडून नुसतेच तिच्यासमोर बसले होते.

रविवारी सकाळी मिस्त्री आले. अंगणात गाडी जॅकवर चढवली. अप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले. डोक्याला टॉवेल, कारण नऊ वाजताच सोलापूरचं ऊन अंगावर येतं. मिस्त्रींनी पेटी उघडली तेव्हा अप्पांनी मान पुढे काढली.

"एमएम का इंची?"

"एमएमच की अप्पा. आता जीपला पण एमएमच. इंची कोण वापरतंय?"

अप्पांनी मान हलवली. खूश झाले की नाराज, चेहऱ्यावरून कळेना. रॉड बसला, चाक लागलं, मिस्त्रींनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. आवाज गेला होता. जुना रॉड फेकायला निघाले तसं अप्पांनी हात पुढे केला. तो त्यांनी टॉवेलच्या टोकाने पुसला, नव्या रॉडच्या रिकाम्या खोक्यात ठेवला, गॅरेजमध्ये ठेवायचे तसा. मग शर्टाच्या खिशातून शिसपेन्सिल काढली, मोपारच्या अक्षरांखाली जागा बघून थरथरत्या हाताने लिहिलं, 'फियाट. लिंक रॉड. डावी. जुनी.' आणि खोका खिडकीच्या फळीवर, लाल रंगाच्या पान्यांशेजारी नेऊन ठेवला.